नजर वळवली, तीच जाहिरात शोधताना

२००२ साली ब्रिटनच्या टीव्हीवर एक जाहिरात आली. साधंसं घर, संतापलेला बाप आणि त्याच्या तावडीत सापडलेला मुलगा. बाप हाडामांसाचा, मुलगा मात्र कार्टून. बाप त्याला उचलून आपटतो. मुलगा कार्टूनमधल्या पात्रांसारखा चेपतो, वाकतो, पुन्हा उभा राहतो आणि मागे विनोदी मालिकांमध्ये वाजतो तसा ठेवणीतला हशा वाजत राहतो. शेवटी मुलगा जिन्यावरून खाली फेकला जातो. पायथ्याशी निपचित पडलेला असतो तो खराखुरा लहान मुलगा. खरी मुलं अशी उसळून उठत नाहीत, अशा अर्थाचं एक वाक्य येतं आणि जाहिरात संपते.

मुलांवरचे अत्याचार रोखण्यासाठी काम करणाऱ्या एनएसपीसीसी या संस्थेसाठी साची अँड साची या एजन्सीनं केलेली ही जाहिरात आजही पाहायला मिळते. ती गाजली, तिच्यावर लिहिलं गेलं, तिच्या प्रती राहिल्या. पण तशाच हेतूनं केलेल्या, पाहणाऱ्याच्या मनात तितक्याच खोल रुतलेल्या कितीतरी जाहिराती आज मिळत नाहीत. कुणाला त्यातलं शेवटचं दृश्य आठवतं, कुणाला नुसता आवाज. कोणत्या संस्थेची होती, हे धड आठवत नाही. शोधायला जावं तर हाती काही लागत नाही आणि मग आपल्यालाच भास झाला होता की काय, असं वाटू लागतं.

अशी एखादी जाहिरात शोधू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ब्रिटनमध्ये राहिलेल्या, किंवा तिथल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेट घरात असलेल्या मराठी कुटुंबांना त्याचा थेट उपयोग होईल. दूरदर्शनवरच्या जनहिताच्या जाहिराती शोधतानाही यातलं बरंचसं कामी येतं. मी मुख्यतः ब्रिटनविषयी लिहितो आहे, कारण धर्मादाय संस्थांच्या धक्कादायक जाहिरातींची मोठी परंपरा तिथे आहे आणि तिचे कागदोपत्री माग अजून काढता येतात.

या जाहिराती हरवल्या का, ते आधी समजून घ्या. कुठे शोधायचं ते त्यातूनच कळतं.

ब्रिटिश सरकारनं केलेल्या भीतिदायक चित्रफिती बऱ्याच टिकल्या आहेत. तळ्या-डबक्यांच्या धोक्याविषयीची १९७३ची दीड मिनिटांची फिल्म, जिच्यात झगा पांघरलेली एक काळी आकृती मुलांवर पाळत ठेवून असते आणि डोनाल्ड प्लेझन्स या नटाचा थंड आवाज ऐकू येतो, ती आजही उत्तम स्थितीत आहे. रेल्वेच्या रुळांवर शाळेच्या क्रीडास्पर्धा भरल्या आहेत असं दाखवणारी १९७७ची 'द फिनिशिंग लाइन' ही फिल्म तर इतकी अंगावर येणारी होती की दोन वर्षांत ती मागे घेण्यात आली, तरीही ती टिकली. कारण सरळ आहे. सरकारी खात्यांना नोंदी ठेवाव्या लागतात. सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन हे खातं १९४६पासून २०१२पर्यंत चाललं आणि त्याचा चित्रसंग्रह ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या राष्ट्रीय संग्रहात आहे.

धर्मादाय संस्थेच्या जाहिरातीला असा कुणी वाली नव्हता. ती बनवायची एजन्सी, दाखवायची वाहिनी आणि पैसे देणगीदारांचे. वाहिनीच्या लेखी जाहिरात म्हणजे कार्यक्रम नव्हेच, मोहीम संपली की टेपचं काम संपलं. एजन्सी पुढे विकली जाई, दुसरीत विलीन होई, पत्ता बदलताना खोके टाकून दिले जात. नटांचे आणि संगीताचे हक्क ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असत, त्यामुळे जाहिरात पुन्हा दाखवायचं कारणही उरत नसे. देणगीचा पैसा जुन्या टेप सांभाळण्यावर घालवणं कोणत्याही संस्थेला पटणं कठीण. त्यात ज्या जाहिरातीवर तक्रारी झाल्या, तिची आठवण काढायला ती संस्थाही फारशी उत्सुक नसते. शिवाय असं काही पडद्यावर आलं की घरातलं माणूस चॅनेल बदलतं, मुलांना आत पाठवतं, रेकॉर्डिंग चालू असेल तर थांबवतं. म्हणून माझं स्पष्ट मत असं की जाहिरात जितकी अस्वस्थ करणारी, तितकी ती हरवण्याची शक्यता जास्त. जे पाहवत नव्हतं ते कुणी जपलं नाही. आणि एखादा समाज कशाकडे पाहायला तयार नव्हता, याचा यापेक्षा थेट पुरावा दुसरा मिळत नाही. ती शोधणं हे रिकामटेकडं काम नाही ते यासाठीच.

आता कामाला लागू.

आधी कागद, मग शोध

पहिली गोष्ट, इंटरनेटवर काहीही शोधण्याआधी तुम्हाला जे आठवतं ते लिहून काढा. एकदा का दुसऱ्यांची वर्णनं वाचली, जुन्या जाहिरातींची चित्रं पाहिली, की ती तुमच्या आठवणीत मिसळतात आणि मग वेगळी काढता येत नाहीत. लिहिताना जाहिरातीपेक्षा तिच्या आजूबाजूचं जास्त लिहा. तेव्हा कोणत्या घरात राहत होता? टीव्ही कुठे होता, तो कोणाबरोबर पाहत होता? जाहिरातीच्या आधी-नंतर काय चालू होतं? शाळा सुरू होती की नाताळची सुट्टी? बाहेर अंधार पडला होता का? घर, शाळा, भावंडाचं वय या गोष्टींवरून वर्ष काढता येतं. जाहिरातीच्या आठवणीवरून सहसा निघत नाही. कोणत्या शहरात होता, हेही नोंदवा. आयटीव्ही ही तेव्हा अनेक प्रादेशिक कंपन्यांची मिळून झालेली वाहिनी होती. मँचेस्टरला ग्रॅनडा, लीड्सला यॉर्कशायर, लंडनला आठवड्याच्या दिवसांत १९९२ संपेपर्यंत थेम्स. जाहिराती प्रदेशाप्रदेशानुसार वेगळ्या लागत.

जे नक्की आठवतं आणि जे बहुधा असावं, ते वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. आठवणीत शेवटचं चित्र आणि आवाज टिकतात. मधलं सगळं आपण नंतर भरलेलं असू शकतं.

भावंडांना, आई-वडिलांना विचारायचं तर वर्णन करून विचारू नका. 'ती बाहुली रडते ती जाहिरात आठवते का गं ताई?' असं विचारलंत की ताईला बाहुली दिसायलाच लागणार. 'आपण तिथे असताना कोणत्या जाहिरातीची भीती वाटायची?' असं मोकळं विचारा आणि गप्प बसा. दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच तपशील सांगितला, तर त्या तपशिलाला वजन येतं.

काळ कसा ठरवायचा

यात काही पक्के खुंट आहेत, त्यांना दोरी बांधून मोजायला सुरुवात करायची. सगळ्यात मोठा खुंट १९८९चा. त्याआधी ब्रिटनमध्ये धर्मादाय संस्थांना टीव्हीवर पैसे भरून जाहिरात करण्याची मुभाच नव्हती. म्हणजे तुम्ही १९८६मध्ये लेस्टरच्या घरात असं काही पाहिलं असेल, तर ते बहुतेक दुसरंच काहीतरी होतं. सरकारी सुरक्षाफिल्म असेल. बीबीसीवर संस्थांसाठी होणारं मदतीचं आवाहन असेल. मोठी आपत्ती आली की अनेक संस्था मिळून जे आवाहन करतात, १९६३मध्ये स्थापन झालेल्या डिझॅस्टर्स इमर्जन्सी कमिटीचं, ते असेल. इथिओपियातल्या दुष्काळाची जी दृश्यं त्या पिढीच्या डोळ्यांपुढून जात नाहीत, ती मुळात ऑक्टोबर १९८४मधल्या बीबीसीच्या बातमीतली आहेत. वार्ताहर मायकेल ब्युर्क, कॅमेरा मोहम्मद अमीन. जाहिरात म्हणून शोधत बसलात तर ती सापडणार नाहीत.

काही वेळा ती टीव्हीवरची नसतेच. छायाचित्रकार डेव्हिड बेलीनं ग्रीनपीससाठी केलेली प्राण्यांच्या कातड्याच्या कोटाविरुद्धची फिल्म, ज्यात फॅशन शोमध्ये कोटातून रक्त ओघळून प्रेक्षकांवर उडतं, ती चित्रपटगृहांतली होती. नवजात बाळाच्या तोंडातून झुरळ बाहेर येतं ती बर्नार्डोज या संस्थेची २००३ची जाहिरात वर्तमानपत्रांतली होती. घरगुती हिंसाचाराविरुद्ध विमेन्स एड या संस्थेनं २००९मध्ये अभिनेत्री किरा नाइटलीला घेऊन केलेली फिल्म टीव्हीसाठी आहे तशी मंजूर झाली नाही, मारहाणीचा भाग कापायला सांगितला गेला. लोकांनी ती चित्रपटगृहात आणि इंटरनेटवर पाहिली. तेव्हा 'टीव्हीवर पाहिली' हे वाक्यसुद्धा तपासून घ्या.

१९८९नंतरची असेल तर पडद्यावरचा फोन क्रमांक तुमचा सर्वात मोठा मदतनीस. देणगी मागायची म्हणजे क्रमांक येणारच. लंडनचा क्रमांक ०१ने सुरू होत असेल तर जाहिरात मे १९९०पूर्वीची. ०७१ किंवा ०८१ असेल तर तिथून एप्रिल १९९५पर्यंतची. ०१७१ किंवा ०१८१ असेल तर एप्रिल २०००पर्यंतची, आणि ०२० असेल तर साधारण त्या सुमाराची किंवा नंतरची. धूसर झालेल्या कॅसेटवरही हे आकडे बरेचदा वाचता येतात. संस्थांची नावंही अशीच बोलतात. 'डॉ. बर्नार्डोज'मधला डॉक्टर १९८८मध्ये गेला. स्पॅस्टिक्स सोसायटीचं नाव १९९४मध्ये स्कोप झालं. मुलांसाठीची चाइल्डलाइन १९८६मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाली आणि २००६मध्ये एनएसपीसीसीत सामील झाली; दोन्ही नावं एका घरातली म्हणून दिसली तर साल त्यानंतरचं.

आपल्याकडे असे खुंट कमी नाहीत. दूरदर्शनवर व्यापारी जाहिराती १९७६पासून, रंगीत प्रक्षेपण १९८२पासून, मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन १९९६पासून, तीही मुंबईत सुरू झालेली. पत्त्यात 'बॉम्बे' आहे की 'मुंबई', एवढ्यावरूनही अंदाज येतो.

तक्रारी हा खजिना आहे

लोकांना जी जाहिरात सहन झाली नाही, तिच्याविरुद्ध त्यांनी पत्रं लिहिली, आणि तक्रार आली की नियामक संस्थेला उत्तर द्यावं लागतं. त्या उत्तरात जाहिरातीचं वर्णन असतं: काय दिसतं, कोणता आवाज येतो, किती वाजता दाखवली, संस्थेनं बचाव काय केला. चित्रफीत नाहीशी झाली तरी हे वर्णन राहिलेलं असू शकतं आणि तुमच्या आठवणीशी ते ताडून पाहता येतं. २००८मध्ये बर्नार्डोजनं एका मुलीच्या आयुष्यातले मार, नशा आणि गुन्ह्याचे तुकडे पुन्हा पुन्हा दाखवणारी जाहिरात केली. तिच्यावर ८४० तक्रारी आल्या आणि त्या मान्य झाल्या नाहीत. हे सगळं नोंदलं गेलं ते तक्रारींमुळेच.

फक्त तक्रार कोणाकडे गेली असेल, ते सालावरून ठरवा. १९९०पर्यंत इंडिपेंडंट ब्रॉडकास्टिंग ऑथॉरिटी, १९९१ ते २००३ इंडिपेंडंट टेलिव्हिजन कमिशन, मग थोडा काळ ऑफकॉम, आणि नोव्हेंबर २००४पासून टीव्हीच्या जाहिरातींचं काम अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स ऑथॉरिटीकडे. टेलिव्हिजन कमिशनची तक्रारींवरची पत्रकं छापील असत. मोठ्या ग्रंथालयांत विचारा. अलीकडचे निर्णय चालू संकेतस्थळावर नसले तर इंटरनेट अर्काइव्हमध्ये त्या संकेतस्थळाची जुनी रूपं उघडून पाहा.

जाहिरात व्यवसायाच्या स्वतःच्या नोंदी हा दुसरा रस्ता. 'कॅम्पेन' हे तेव्हाचं साप्ताहिक आणि डी अँड एडी या संस्थेची पुरस्कारांची वार्षिक पुस्तकं चाळा. त्यांत दिग्दर्शक, लेखक, एजन्सी यांची नावं मिळतात, कधी दोन-तीन चित्रंही. एजन्सी बंद झाली असली तरी माणसं असतात, आणि पुष्कळांनी आपल्या कामाची निवडक टेप जपून ठेवलेली असते. धर्मादाय संस्थेचं काम बऱ्याच एजन्सी कमी पैशांत करत, कारण तिथे मनासारखं, धाडसी करता येई. म्हणून अशी जाहिरात एखाद्या दिग्दर्शकाच्या टेपमध्ये असण्याची शक्यता साबणाच्या जाहिरातीपेक्षा जास्त.

ब्रिटनमध्ये टीव्हीवर लागणाऱ्या प्रत्येक जाहिरातीला 'क्लॉक नंबर' असतो. आधी तीन अक्षरं एजन्सीची, मग चार अक्षरं जाहिरातदाराची आणि तीन आकडे, शेवटी सेकंदांतली लांबी. जाहिरात सुरू होण्याआधीच्या पाटीवर तो असतो, प्रेक्षकाला दिसत नाही. पण एखाद्या यादीत, पत्रात किंवा टेपच्या डब्यावर तो सापडला, तर पत्रव्यवहारात तोच वापरा. 'ती रडणाऱ्या मुलाची' असं लिहिलेल्या पत्रापेक्षा क्रमांक लिहिलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता कितीतरी अधिक.

संग्रहांकडे जाताना योग्य दार ठोठावा. नॉरफोकमधलं हिस्टरी ऑफ अ‍ॅडव्हर्टायझिंग ट्रस्ट फक्त जाहिरातींसाठीच आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनं टीव्हीवरच्या प्रक्षेपणाची काही रेकॉर्डिंग ठेवली आहेत. संस्थांचे कागद मात्र विखुरलेले आहेत. ऑक्सफॅमचे ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात, सेव्ह द चिल्ड्रनचे बर्मिंगहॅम विद्यापीठात, ख्रिश्चन एड आणि वॉर ऑन वॉन्टचे लंडनच्या सोआस विद्यापीठात. तिथे चित्रफीत मिळेलच असं नाही, पण संहिता, चित्रांकित आराखडा, बैठकीचं इतिवृत्त मिळू शकतं, आणि 'हे नको, लोकांना सहन होणार नाही' असं कुणीतरी कधी लिहिलं असेल तर ते तिथेच. या विषयावर शोधनिबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी तर चित्रफितीआधी हेच कागद पाहावेत.

भारतातल्या जनहिताच्या फिल्मसाठी फिल्म्स डिव्हिजन (स्थापना १९४८) आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (स्थापना १९६४) ही दोन नावं आपल्याला ठाऊक असतात. आता दोन्ही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झाली आहेत, पत्र तिकडे पाठवायचं. विजया मुळे यांची १९७४ची 'एक अनेक और एकता' अजून पिढ्यान्‌पिढ्या पाहिली जाते, ती फिल्म म्हणून तयार झाली आणि फिल्म म्हणून जपली गेली म्हणूनच. व्हिडिओ टेपवर तयार होऊन एक-दोन महिने दाखवलेल्या जाहिरातीचं नशीब तसं नसतं.

जाहिराती देशोदेशी फिरतात, हेही ध्यानात ठेवा. स्पंजातून काळं डांबर पिळून दाखवणारी तंबाखूविरोधी जाहिरात आपल्याकडे चित्रपटगृहांत सगळ्यांनी पाहिली. तिची मूळ कल्पना सत्तरच्या दशकाच्या अखेरीची, ऑस्ट्रेलियातली. एका देशात हरवलेली जाहिरात दुसऱ्या देशात, दुसऱ्या आवाजात मिळू शकते. त्याच्या उलट, मूळ जाहिरात सहज मिळते पण तिची मराठी किंवा कोकणी आवृत्ती कुठेच नसते, असंही होतं. भाषेच्या आवृत्त्या सर्वात आधी नाहीशा होतात. माझ्या मते मराठी वाचकांनी पहिला हात घालायचा तो इथेच.

माळ्यावरच्या कॅसेट

इतकं सगळं करूनही खुद्द जाहिरात मिळते ती बहुधा घरातल्या कॅसेटमध्ये. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९पासून २०१२मध्ये मृत्यू येईपर्यंत टीव्ही अखंड रेकॉर्ड केला. सुमारे ७० हजार कॅसेट भरल्या आणि त्या इंटरनेट अर्काइव्हकडे गेल्या. एवढा ध्यास सगळ्यांना जमणार नाही, पण मधल्या जाहिराती न कापता रेकॉर्ड करणारी माणसं प्रत्येक नात्यात होती.

कोणती कॅसेट पाहायची? ब्रिटनमध्ये रात्री नऊपूर्वी मुलांना झेपणार नाही असं दाखवण्यावर बंधन असे. म्हणजे अंगावर येणाऱ्या जाहिराती रात्री उशिरा रेकॉर्ड केलेल्या चित्रपटांच्या कॅसेटमध्ये शोधायच्या. १९९९ ते २००५ या काळात इंग्लंडमधले बहुतेक कसोटी सामने चॅनेल फोरवर दाखवले गेले. २००२च्या दौऱ्यातली द्रविड-सचिनची फलंदाजी हौसेनं रेकॉर्ड केलेली मराठी घरं तिथे नक्की असतील. त्या कॅसेटमध्ये षटकांमधल्या जाहिराती आहेत, पण दिवसा लागणाऱ्या, सौम्य. एकाच मोहिमेची दिवसाची आणि रात्रीची आवृत्ती वेगळी असू शकते, म्हणून त्याही टाकाऊ नाहीत. आपल्याकडे 'रामायण', 'महाभारत' रेकॉर्ड केलेल्या कॅसेटमध्ये मालिकेच्या आधीचा आणि नंतरचा भाग बघा. आणि प्रत्येक कॅसेटचं शेपूट बघा: मालिका संपली, बटण दाबायला कुणी उठलं नाही, तेवढ्या मिनिटांत बरंच काही सापडतं. लग्नाची कॅसेटसुद्धा आधी दुसरं काही रेकॉर्ड केलेल्या कॅसेटवर घेतलेली असू शकते.

ब्रिटनची आणि भारताची व्हीएचएस कॅसेट एकाच पाल पद्धतीची. तिकडची कॅसेट इथल्या व्हीसीआरवर चालते. अमेरिकेतून आलेली एनटीएससी पद्धतीची. तिला दोन्ही पद्धती चालवणारं यंत्र लागतं.

कॅसेट हाती आली की लगेच यंत्रात घालू नका. आधी कडेची प्लास्टिकची लहान टिकली मोडा, म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही. मग खिडकीतून फितीच्या कडा पाहा. पांढरे ठिपके, पावडरीसारखा थर दिसला तर ती बुरशी. मुंबईत, कोकणात, गोव्यात माळ्यावर राहिलेल्या कॅसेटना ती हमखास धरते. बुरशीची कॅसेट चालवलीत तर यंत्राचं हेड खराब होतं आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला बुरशी लागते; नाकातोंडातही जाते. ती वेगळ्या पिशवीत ठेवा आणि जाणत्याकडून साफ करून घ्या. बाकीच्यांचं कामही पावसाळ्यात काढू नका, दिवाळीनंतरची कोरडी हवा बरी.

पहिल्यांदा चालवाल तेव्हाच डिजिटल प्रत करा. जुनी फीत पहिल्या फेरीत जेवढी चांगली चालेल तेवढी दुसऱ्या फेरीत चालेलच याची खात्री नसते. प्रत करणाऱ्या दुकानदाराला सांगा की मूळ ७२० बाय ५७६ आकाराचं, सेकंदाला २५ चौकटींचं, काहीही न कापता, न 'सुधारता' हवं. चित्र गुळगुळीत करणारी, रंग वाढवणारी यंत्रणा बंद ठेवायला लावा. फक्त जाहिरात कापून घेऊ नका. अख्खा ब्रेक, आधी-नंतरचा कार्यक्रम, निवेदकाचा आवाज, वाहिनीचं बोधचिन्ह, सगळं ठेवा. तारीख सिद्ध होते ती त्यावरूनच. कार्यक्रम ओळखता आला की जुन्या 'टीव्ही टाइम्स'मधून दिवस काढता येतो.

आणि प्रत झाली म्हणून कॅसेट फेकू नका. ब्रिटिश प्रक्षेपणात चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळींत टेलिटेक्स्टची माहिती असे. विशेष पद्धतीनं प्रत केली तर व्हीएचएसवरूनही ती काही वेळा वाचता येते आणि तिच्यात चक्क तारीख-वेळ असते. साध्या प्रतीत त्या ओळी येत नाहीत.

सापडल्यावर

एखादी जाहिरात 'सापडली' असं कुणी सांगितलं तर आधी शंका घ्या. भीतिदायक जुन्या जाहिरातीची नक्कल करणं हा अनेकांचा छंद आहे. फोन क्रमांकाची रचना त्या सालाशी जुळते का? संस्थेचं नाव तेव्हाचं आहे का? सभोवतालचा ब्रेक आहे का? कॅसेट कुणाकडून आली, ते सांगता येतं का? चार प्रश्नांना उत्तरं नसतील तर नोंद 'संशयित' म्हणून ठेवा आणि पुढे चला.

खरी निघाली तर ती टाकायची कुठे, हा प्रश्न मी सर्वात गंभीर मानतो. या चित्रफितींत माणसं आहेत. त्यातली बरीचशी नट आहेत, पण सगळी नाहीत. आपल्याकडची 'मुकेश' ही तंबाखूविरोधी जाहिरात टाटा मेमोरियल रुग्णालयात चित्रित झाली. त्यातला तरुण खरा रुग्ण होता आणि २००९मध्ये तो गेला. २०१२मध्ये चित्रपटगृहांत ती लागू लागली, पुढे काही लोकांनी त्याच्या नावावर विनोद केले. दुःखी माणसाचा चेहरा संदर्भ सोडून फिरू लागला की असं होतं. म्हणून भीतीचा खेळ म्हणून, वर किंकाळीचं संगीत चढवून अशा चित्रफिती पसरवणं मला मान्य नाही. लहान मूल दिसत असेल, तो नट आहे की नाही हे कळत नसेल, तर सर्वांसाठी खुली करण्याआधी संस्थेला पत्र लिहा. ते मूल आज तुमच्या-आमच्यासारखं संसारी माणूस असेल.

हक्कांचं म्हणाल तर भारतीय कायद्यात चित्रफितीचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. टीव्हीच्या जवळजवळ सगळ्याच जाहिराती अजून त्यात येतात. तेव्हा पहिली प्रत संग्रहाला द्या, दुसरी संस्थेला. बरोबर एक पान जोडा: कॅसेट कुणाची, कुठे रेकॉर्ड झाली, आधी-नंतर काय आहे, तारीख कशावरून काढली. हे पान नसेल तर चांगली चित्रफीतही पुढच्या माणसाला निरुपयोगी होते.

घाई करा, असं मी मनापासून सांगतो. फुनाई या जपानी कंपनीनं २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यानंतर नवं यंत्र बाजारात आलेलं नाही. चुंबकीय फिती वाचवायच्या तर हाती फार वर्षं नाहीत, असा इशारा युनेस्कोच्या पुढाकारानं २०१९मध्येच दिला गेला. ज्यांनी या कॅसेट भरल्या ते काका, मावश्या, आत्या आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या घराची आवराआवर होण्याआधी एक फोन करा, कॅसेटच्या पाठीवरची नावं वाचून घ्या आणि त्यातली एकही न विचारता भंगारात देऊ नका.